पहिल्या पेटीवरचं स्वस्तिक

पाथर्डी फाटा, नाशिक
रविवार, सकाळ

प्रिय उज्वला,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र आधी फ्रिजवर ठेवून दिलं असशील, आणि राहवलं नाही म्हणून कामवाली गेल्यावर उघडलं असशील. इतकी वर्षं एका स्वयंपाकघरात काढल्यावर तुझ्या सवयी मला ठाऊक नसतील तर कुणाला असणार? फोन करता आला असता. पण फोनवर तू 'ताई, नंतर बोलू' म्हणून मला मध्येच तोडतेस. कागदाला तसं तोडता येत नाही. फाडता येतो, पण तू फाडणार नाहीस, कारण जाऊबाईने शेवटी काय लिहिलंय ते कळल्याशिवाय तुला झोप लागायची नाही. तेव्हा चहा ठेव आणि निवांत बस.

वर 'प्रिय' लिहिलंय ते रीत म्हणून. माझा राग गेलेला नाही, आणि तो जावा अशी माझी इच्छाही नाही. निवृत्ती, तुझे थोरले दीर, गेल्यापासून या फ्लॅटमध्ये मला सोबत आहे ती त्या रागाचीच. बाकी माझं बरं चाललंय. गुडघा कुरकुरतो. माझी लेक आरोही हॅम्बुर्गला मजेत आहे, उन्हाळ्यात येईन म्हणते. गॅलरीत उभी राहिले की समोर पांडवलेण्यांचा डोंगर दिसतो. शाळेत शिकवत होते तेव्हा दर वर्षी सहावीच्या पोरांना घेऊन तो चढायचे, आणि वर पोचल्यावर धापा टाकणाऱ्या पोरांना हमखास एक प्रश्न विचारायचे, की तुमच्या दारावरचं स्वस्तिक कुणाचं? पोरं म्हणायची, आमचं. मग मी त्यांना सांगायचे की बाळांनो, ते सिंधूकाठच्या जुन्या मुद्रांवर आहे, तेव्हा तुमचं-आमचं आडनावसुद्धा नव्हतं. बुद्धाच्या पावलांवर ते कोरतात. आपल्या पिंपळगावच्या पेठेतली माझी मारवाडी मैत्रीण देरासरात, त्यांच्या जैन मंदिरात, पाटावर तांदळांचं स्वस्तिक मांडते, वर तीन ठिपके आणि चंद्रकोर काढते, आणि तिच्या लेखी त्या चार भुजा म्हणजे जीवाला मिळणारे चार जन्म, देवाचा, माणसाचा, जनावराचा आणि नरकातला. शब्दाचा अर्थ मात्र अगदी साधा, चांगलं असो. कुणाचं चांगलं, ते शब्दात सांगितलेलं नाही. म्हणजे सगळ्यांचंच. हे मी इतक्या वर्गांना शिकवलं, फक्त माझ्या घरात शिकवायचं राहून गेलं.

आपल्या पॅकहाउसची रीत तुला सांगायला नको, तरी सांगते, कारण तू ती तुझ्या सोयीने विसरली आहेस. हंगामातली द्राक्षांची पहिली पेटी भरली की टेबलावर ठेवायची, नारळ फोडायचा आणि घरच्या मोठ्या सुनेने पेटीवर कुंकवाचं स्वस्तिक काढायचं. धाकटीने ताट धरायचं. ती पेटी बाहेरगावी जायची नाही. तिच्यातली द्राक्षं घड साफ करायला कात्री चालवणाऱ्या बायांमध्ये वाटायची. लग्न होऊन आले त्या वर्षी सासूबाईंनी करंडा माझ्या हातात दिला, तेव्हा पॅकहाउस कुठलं, पत्र्याची शेड होती आणि माल टेम्पोने मुंबईला जायचा. माझी पहिली रेघ वाकडी आली होती. निवृत्ती हसले होते आणि म्हणाले होते, राहू दे, गोड लागतील. पुढे शेडचं पॅकहाउस झालं, टेम्पोचा कंटेनर झाला, माल समुद्रापार जायला लागला, आणि दर वर्षी पहिल्या पेटीवर माझं बोट फिरत राहिलं.

निवृत्ती गेले त्यानंतरचा पहिला हंगाम. मी नेहमीसारखी टेबलापाशी गेले, करंडा उघडला, बोट बुडवलं. तू पुढे आलीस आणि करंडा माझ्या हातातून काढून घेतलास. आवाज चढवला नाहीस, उलट अगदी गोड बोललीस. "ताई, आता तुम्ही नको. शुभ काम आहे." रविराज शेजारीच उभा होता, नारळाची शेंडी सोलत. ज्याला मी लग्न होऊन आले तेव्हा शाळेचा डबा भरून द्यायचे, त्या माझ्या धाकट्या दिराला तेव्हा त्या शेंडीत एवढं काय दिसलं कोण जाणे, त्याने मान वर केली नाही. सगळ्या बाया हातातल्या कात्र्यांकडे बघत राहिल्या. माझ्या बोटाला लागलेलं कुंकू मी पदराच्या आतल्या बाजूला पुसलं आणि मागे जाऊन उभी राहिले. नवरा गेला त्याचं दुःख मी सगळ्यांसमोर रडून मोकळं केलं होतं. हे मात्र गिळलं. त्याच महिन्यात मी नाशिकच्या या फ्लॅटमध्ये राहायला आले. तू लोकांना सांगितलंस की ताईंना शहर आवडतं.

एवढ्यावर थांबली असतीस तरी मी कदाचित म्हातारपणी विसरले असते. पण गेल्या दिवाळीनंतर तू त्या वास्तुवाल्या गुरुजींना बोलावलंस. माल परत आला, भाव पडले, मजूर टिकत नाहीत, सगळ्याचं कारण त्यांनी एका फेरीत शोधलं. कर्ता माणूस गेल्यावर मागे राहिलेल्याची सावली मालावर पडते म्हणाले. मागे राहिलेलं म्हणजे कोण, असं तू विचारलंस, आणि ते नुसते हसले. भागीबाई तिथेच झाडत होती. सासूबाईंच्या काळापासून आपल्याकडे काम करणारी बाई, तिला तुम्ही भिंतीसारखी धरता, पण भिंतीलाही मला फोन करता येतो. उपाय निघाला तो असा, की यंदा एका पेटीवर नाही, प्रत्येक पेटीवर लाल स्वस्तिक उमटलं पाहिजे. तू लगेच रबरी शिक्का करून आणलास. लोकांच्या दारावर ते चिन्ह सगळ्यांचं चांगलं होवो म्हणून असतं. तू ते पेट्यांवर मारलंस ते माझ्यापासून पेट्या राखायला. उज्वला, मला या जन्मात पुष्कळ जणांनी पुष्कळ बोललंय, पण माझ्या हातची खूण माझ्याविरुद्ध कुणी वापरली नव्हती.

तरीही पहिल्या पेटीच्या दिवशी मी आले होते, हे तुला आठवतंय ना? भांडायला नव्हते आले. एक वाक्य सांगायला आले होते, की शिक्क्याच्या पेट्या पाठवू नका. हॅम्बुर्गला गेली त्या पहिल्याच दिवाळीत आरोहीने खोलीच्या दारावर कुंकवाने स्वस्तिक काढलं होतं. इमारतीचा रखवालदार वर आला, ते बघून पांढराफटक पडला, आणि हात जोडल्यासारखं करून तिला ते पुसायला सांगितलं. पोरीने ओढणीने पुसलं आणि रात्री मला फोन करून रडली. त्यामुळे शिक्क्याचं ऐकलं तेव्हाच माझ्या लक्षात आलं होतं की या पेट्याही आरोही राहते त्याच देशात निघाल्यात आणि तिकडे त्या उतरवल्यावर काय होणार आहे. एसटीने आले, हायवेवर उतरले, रिक्षा केली. गेटवर तुझा निरोप तयार होता, की पूजा होऊन पहिला कंटेनर निघेपर्यंत ताईंनी बाहेरच बसावं, नंतर आत यावं. वॉचमनने बिचाऱ्याने उन्हातून सावलीत खुर्ची सरकवली, चहा आणला. आतून घंटेचा आवाज येत होता. मी चहा प्यायले, कप खाली ठेवला आणि परतीची बस धरली. ओझर येईपर्यंत फोन हातातच होता. रविराजचा नंबर काढला, बघितला आणि पर्स बंद केली. हे मी पश्चात्ताप म्हणून लिहीत नाहीये. घरी येऊन मी वरणभात लावला, पोटभर जेवले आणि किती तरी महिन्यांनी मला गाढ झोप लागली.

पुढचं तुला माहीत आहे. तिकडच्या गोदामात कुणी तरी पेट्या उतरवल्या, फोटो काढला, आणि तो फोटो आपल्या द्राक्षांच्या आधी सगळ्या देशभर पोचला. खरेदीदाराने पोचलेला माल अडवला, समुद्रात होता तो नाकारला, आणि पिंपळगावातलं काम बंद पडलं. शीतगृह भरलेलं, बागा काढणीला आलेल्या, आणि ज्यांच्या बागा आपल्या भरवशावर होत्या ते शेतकरी गेटवर. तेव्हा कुठे रविराजला आठवलं की आपली एक वहिनी इतिहास शिकवायची आणि बरं इंग्रजी बोलते. तो माझ्याकडे वर आला, तू खाली गाडीत बसून राहिलीस. मी गॅलरीतून तुझं कोपर बघत होते, खिडकीबाहेर काढलेलं. रविराजला मी चहा दिला, पोहे दिले. तुझ्यासाठी खाली मुद्दाम काही पाठवलं नाही. तो म्हणाला, वहिनी, त्या लोकांना हे चिन्ह काय आहे ते समजावून सांगायला कुणी तरी हवं, तुम्ही बोलाल का? मी म्हटलं, बघते. त्याला तसंच लटकत ठेवून परत पाठवलं, आणि खरं सांगते, तुम्हाला आणखी पुष्कळ दिवस लटकत ठेवायचा माझा विचार होता.

दुसऱ्या दिवशी भागीबाई आली. पहिल्यांदाच माझ्या या घरी आली, पिशवीत वांगी घेऊन. खाली फरशीवर बसायला लागली, मी सोफ्यावर बसवली. तिने ना तुझं नाव काढलं ना माझी समजूत घातली. "बाई, तुमचं त्यांच्यासंगं काय असंल ते असू द्या," म्हणाली. "पण काम बंद राहिलं तर आमी लय बाया घरी बसू. तुमी बोला." तिचा नवरा गेला तेव्हा तिची पोरं रांगती होती, तुला माहीत आहे का? आणि ती एकटी नाही. तुझ्या त्या टेबलावर कात्री चालवणाऱ्या निम्म्या बाया विधवा आहेत. ज्या पेट्या माझ्या सावलीपासून राखायला तू शिक्का आणलास, त्यांतला घड न् घड त्यांच्या हातांतून गेलेला असतो. भागीबाईसाठी मी हो म्हटलं. तुझ्यासाठी नाही, हे तुझ्या नीट लक्षात राहावं म्हणून लिहिते आहे.

व्हिडिओ कॉल झाला त्या दुपारी तू वणीला देवीची ओटी भरायला गेली होतीस. ऑफिसात मी आणि रविराज, आणि पडद्यावर त्या खरेदीदार बाई, माझ्याच वयाच्या, पांढरे केस कापलेले. मी वर्ग घेतल्यासारखं सगळं सांगितलं. ट्रॉयच्या उकरलेल्या मातीत हे चिन्ह सापडलं, ग्रीकांच्या मडक्यांवर आहे, युक्रेनमध्ये हिमयुगातल्या माणसाने हस्तिदंती पाखरावर याच्यासारखी नक्षी कोरली, जपानच्या नकाशात बुद्धाचं देऊळ याच खुणेने दाखवत आले, अमेरिकेतले नवाहो लोक आजारी माणसाला बरं करायला वाळूच्या चित्रांत ते काढायचे, आणि तुमच्याकडे युद्ध पेटलं तेव्हा त्यांनी जाहीरपणे ते सोडून दिलं. त्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या की यातलं बरंच मला माहीत आहे, पण माझ्या आजीच्या बहिणीला ज्या दिवशी घरातून नेलं त्या दिवशी गल्लीत याच खुणेचा नाझी झेंडा होता, ती परत आली नाही, आणि दुकानात द्राक्षं घेणारी बाई पेटीवर इतिहास वाचत नाही. उज्वला, मी त्या खोलीत गेले तेव्हा मनात तुझाही हिशेब चुकता करायचा होता. पण त्या बाईंपुढे मला दुसरं काही सुचेना. चार चोरांनी आपल्या घरातला दिवा नेऊन दुसऱ्याचं घर जाळावं, आणि त्या घरातल्या माणसाला आपण दिव्याचं महत्त्व सांगत बसावं, तसं झालं होतं. मी एवढंच म्हटलं की ज्या खुणेचा अर्थ 'चांगलं असो' असा आहे ती कुणाच्या स्वयंपाकघरात जाऊन काळजाला घरं पाडत असेल, तर तिने तिथे जाऊ नये, तुमच्या पेट्या कोऱ्या येतील. रविराजने मान डोलावली. त्या बाईंचा चेहरा पहिल्यांदा सैल झाला. तिकडचा माल कोऱ्या पेट्यांत भरून घेऊ म्हणाल्या, आणि इथलं काम पुन्हा सुरू करायला हरकत नाही म्हणाल्या.

तिथेच संपलं असतं. पण जाता जाता त्यांनी सहज विचारलं, की तुमच्याकडे मुळात हे चिन्ह पेटीवर काढतं कोण? मी रविराजकडे पाहिलं. तो नेहमीप्रमाणे टेबलाकडे बघत होता. आणि माझ्या तोंडून जे निघालं ते मी आधी ठरवलेलं नव्हतं, पण निघाल्यावर असं वाटलं की दोन वर्षं मी तेच घोटत होते. मी म्हटलं, "आमच्या पॅकहाउसमध्ये हंगामाच्या पहिल्या पेटीवर ते विधवा बाई काढते. जिचं वाईट झालंय तिच्याच हातून सगळ्यांचं चांगलं मागायचं, ही आमच्या घराची रीत आहे." त्या बाईंनी रविराजला विचारलं, असं आहे का? रविराजने आधी माझ्याकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या निवृत्तींच्या फोटोकडे, आणि म्हणाला, "हो मॅडम. आईच्या वेळेपासून." आईच्या वेळेपासून हे मी सांगितलं नव्हतं हं, ती त्याने पदरची भर घातली.

आता पत्र कशासाठी लिहिलं ते सांगते, कारण रविराजने तुला अजून सांगितलेलं नाही. त्याची छाती झाली नाही. काल रात्री फोन करून म्हणाला, वहिनी, तुम्हीच उज्वलाला कळवा. त्या बाई गुरुवारी पिंपळगावला येत आहेत, कोऱ्या पेट्या बघायला, आणि त्यांना ही रीत डोळ्यांनी बघायची आहे. त्या दिवशीच्या पहिल्या पेटीवर, जी बायांमध्येच वाटायची, स्वस्तिक मी काढणार नाही. भागीबाई काढेल. वयाने तीच मोठी, आणि त्या टेबलावर तिच्याइतकी वर्षं कुणी उभं राहिलेलं नाही. मी तिला सांगितलं तेव्हा घाबरली, मालकीणबाई रागावतील म्हणाली. मी म्हटलं, मालकीणबाईच ताट धरणार आहेत. तर बुधवारी संध्याकाळी हळदी-कुंकवाचा करंडा घेऊन तिच्या घरी जा आणि तिला रीतसर बोलावून ये. बोळाच्या तोंडाशी गाडी थांबते, पुढे चालावं लागतं, आणि त्या वेळेला सगळ्या बाया दारात बसलेल्या असतात. हे करायचं नसेल तर त्या बाईंना तोंडावर सांग की माझी जाऊ खोटं बोलली आणि माझा नवराही खोटं बोलला. त्यानंतर त्या पुन्हा माल घेतील की नाही, ते तुझ्या गुरुजींना विचार. हे मी मोठ्या मनाने करते आहे असा समज करून घेऊ नकोस आणि चार लोकांत तसं सांगूही नकोस. भागीबाईचं चांगलं होतंय ते होऊ दे, मला फक्त तुझं तोंड बघायचं आहे, म्हणून मी पहिल्या बसने येणार आहे. ताट दोन्ही हातांनी धर. भागीबाईचा हात आता थरथरतो, तिला वेळ लागेल, आणि तिचं होईपर्यंत ते खाली ठेवायचं नाही.

तुझीच मोठी जाऊ,
सुवर्णा